‘तब्येत सुधारली’ म्हणजे नेमके काय?

चर्चाप्रस्ताव

‘तब्येत सुधारणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ काय, असा प्रश्न मला गेल्या महिन्यापर्यंत कधी पडला नव्हता. माझी धाकटी बहीण एका लांबलेल्या आजारातून बाहेर येत आहे. उपचारांत स्टेरॉइडची औषधे असल्यामुळे तिची भूक वाढली, चेहरा गोल झाला आणि 4 महिन्यांत वजन 11 किलोंनी वाढले. भेटायला आलेल्या आत्याने दारातच तिच्याकडे पाहून म्हटले, ‘‘अगं, छान तब्येत सुधारली की तुझी!’’ आत्याच्या मनात काय होते ते मला ठाऊक आहे. आजारपणात पार वाळलेली भाची भरलेली दिसल्याचा तो निखळ आनंद होता. बहिणीने मात्र ‘किती जाड झालीस’ एवढेच ऐकले. ती हसली, पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेली आणि जेवणाच्या वेळी ‘भूक नाही’ म्हणून खोलीतच बसून राहिली. औषध उपाशीपोटी घ्यायचे नसल्याने रात्री दहा वाजता तिची समजूत काढून दोन घास खायला लावावे लागले.

‘तब्येत’ हा शब्द अरबी ‘तबीअत’वरून आला असून त्याचा मूळ अर्थ स्वभाव, माणसाची उपजत घडण असा आहे. मराठीने त्याला आरोग्याचा अर्थ दिला (‘तब्येत बरी नाही’), मनाच्या लहरीचा अर्थ राखून ठेवला (‘तब्येतीत काम करणे’) आणि शिवाय देहाच्या आकारमानाचा तिसरा अर्थही जोडला. ‘त्याने तब्येत कमावली आहे’ किंवा ‘तिची तब्येत उतरली’ या वाक्यांत ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम शरीराचा घेर येतो, रक्त-लघवीचे अहवाल येत नाहीत. आरोग्य आणि घेर एकाच शब्दात नांदत असल्यामुळे ‘सुधारली’ म्हटले की यांपैकी नक्की काय सुधारले, हे बोलणाराच जाणे.

वजनाविषयी आपली भाषा एकंदरीतच दुटप्पी आहे, असे माझे मत झाले आहे. माणूस वजनदार असतो, त्याच्या शब्दाला वजन असते, पगार लठ्ठ असतो, व्यक्तिमत्त्व भारदस्त असते आणि हे सारे कौतुकाने म्हटले जाते. उलट हलका शब्द, हलकी वृत्ती आणि हलके कान ही दूषणे आहेत. तेच वजन प्रत्यक्ष अंगावर आले की कौतुक संपते. ‘चरबी’ या फारसी शब्दाची गोष्ट त्याहून वाईट आहे, कारण ‘फार चरबी चढली आहे त्याला’ या वाक्याचा मेदाशी काहीही संबंध नसून तो उद्धटपणाचा आरोप आहे. यकृतात चरबी साठल्याचे तपासणीनंतर ज्याला सांगितले जाते, त्याला त्या शब्दामागचा हा आवाज ऐकूच येत नसेल, असे मला वाटत नाही.

माझा प्रश्न असा, की वजन वाढल्याची नोंद कौतुक किंवा दोष न चिकटवता करणारा एखादा शब्द मराठीत आहे का? वैद्यकीय लेखनात ‘लठ्ठपणा’ रूढ आहे; परंतु आळशीपणा, हावरटपणा, निष्काळजीपणा यांच्या रांगेत बसणारा हा ‘पणा’ मला खटकतो. आजाराचे नाव म्हणून तो स्वभावदोषासारखा ऐकू येतो.

प्रतिसाद

‘पणा’वरचा आपला आक्षेप मला मान्य नाही. आंधळेपणा आणि बहिरेपणा या शब्दांतही तोच प्रत्यय आहे, आणि ते शब्द ऐकून कोणी त्या माणसाला दोष देत नाही. साधेपणा आणि मोठेपणा तर सरळ गुणवाचक आहेत. ‘लठ्ठपणा’ खटकत असेल तर तो ‘लठ्ठ’मुळे खटकतो. शाळेच्या वर्गात हे विशेषण टोपणनाव म्हणून ज्याने वर्षानुवर्षे ऐकले असेल, त्याला पुढे ‘स्थूलता’ म्हटल्याने फारसा आराम पडणार नाही. स्थूल हा सूक्ष्मचा विरुद्धार्थी शब्द, ‘स्थूलमानाने’ म्हणजे ढोबळपणे. शब्द संस्कृत असल्यामुळे तो सौम्य वाटतो, एवढेच.

खरी गोम क्रियापदांत आहे आणि तिकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. लहान मूल वजनाने वाढते तेव्हा ते ‘अंग धरते’, ‘बाळसे धरते’. मोठ्या माणसाचे वजन वाढते तेव्हा त्याचे ‘अंग सुटते’, ‘पोट सुटते’. वाढ तीच, परंतु मुलाने काहीतरी मिळवले आणि मोठ्याच्या हातून काहीतरी निसटले. पोट आवरून धरणे हे जणू त्याचे नित्याचे कर्तव्य होते आणि त्यात त्याने कसूर केली, असा निकाल ‘सुटणे’ या एका क्रियापदात लागून जातो.

याच्या पुढची पायरी प्रयोजक रूपांची आहे. ‘वजन वाढले’ हे घडलेल्या गोष्टीचे वर्णन झाले. ‘वजन वाढवले’ यात कर्ता आला. खेळाडूने स्पर्धेच्या गटासाठी वजन वाढवले असेल, तर तो योग्य प्रयोग आहे. आणि ‘केवढं वजन वाढवून ठेवलंयस!’ यात तर ‘ठेवणे’ हे सहायक क्रियापद पसारा घालून ठेवणे, काम लांबवून ठेवणे यांच्या पंक्तीतले आहे. ऐकणाऱ्याने ते मुद्दाम केले आणि आता निस्तरत नाही, असा त्याचा भाव. वास्तविक वजनाला आनुवंशिकता, झोप, थायरॉइडसारख्या ग्रंथींचे काम, काही औषधे आणि वय या साऱ्यांची बाजू असते, त्यांतल्या कित्येक गोष्टींत माणसाचा कर्तेपणा नसतोच. तरी आपले वाक्य त्याला बेधडक कर्ता करून मोकळे होते. पतिपत्नींत किंवा आईमुलीत जी भांडणे ‘मी तुझ्या भल्यासाठीच बोलले’ येथे येऊन अडतात, त्यांतले मूळ वाक्य आठवून पाहावे. बहुतेकदा त्यात ‘वाढवून ठेवले’ किंवा ‘करून घेतले’ सापडेल.

म्हणून माझे उत्तर सोपे आहे. नवा शब्द घडवण्याची गरज नाही, ‘वजन वाढले आहे’ हे अकर्मक वाक्य पुरेसे निर्मळ आहे. ते विचारल्याशिवाय बोलावे का, हा प्रश्न निराळा.

प्रतिसाद

वरील मुद्दा उलट्या दिशेनेही खरा आहे, म्हणून एक अनुभव नोंदवतो. माझ्या भावाचे वजन दोन-अडीच महिन्यांत 9 किलोंनी उतरले. ज्याने त्याने विचारले, ‘‘मस्त बारीक झालास रे, काय करतोस?’’ तो काहीच करत नव्हता, परंतु प्रत्येक वेळी ‘काही विशेष नाही, खाण्यावर ताबा ठेवलाय’ असे सांगत राहिला. कौतुक कोणाला नको असते? रात्री तीन-तीनदा लघवीला उठावे लागू लागले आणि तहान भागेना, तेव्हा तपासणी झाली आणि मधुमेह निघाला. ‘उतरणे’ आणि ‘उतरवणे’ यांतला फरक आम्हा सर्वांच्या ध्यानात राहिला असता, तर कोणीतरी ‘काय करतोस’ऐवजी ‘काही होतंय का’ असे विचारले असते. अर्थात हेही कबूल केले पाहिजे, की मधुमेहाच्या सुरुवातीचे हे उतरलेले वजन आणि प्रयत्नपूर्वक उतरवलेले वजन बाहेरून अगदी सारखे दिसते.

प्रतिसाद

आहाराकडच्या शब्दांविषयी थोडे लिहितो, कारण तेथील गोंधळ वजनाइतकाच जुना आणि अधिक रोजचा आहे.

‘निरोगी आहार’ हा आजकाल सर्रास दिसणारा प्रयोग चुकीचा आहे. निरोगी म्हणजे ज्याला रोग नाही तो. हे विशेषण माणसाला, जनावराला किंवा रोपाला लागू शकते, ताटातल्या पदार्थाला लागू शकत नाही. इंग्रजीतील ‘हेल्दी’ माणसालाही चालते आणि अन्नालाही, त्यामुळे भाषांतर करताना ही फसगत होते. आहार आरोग्यदायी असतो, हितकर असतो, समतोल असतो किंवा सकस असतो. मला यांत ‘सकस’ सर्वांत आवडतो, कारण ‘कस’ हा आपण जमिनीलाही लावतो, आणि किती खाल्ले यापेक्षा खाल्ले त्यात काय होते, हा विचार त्या दोन अक्षरांत आधीच आहे. ‘पौष्टिक’ची मात्र गंमत झाली आहे. पुष्ट करते ते पौष्टिक, म्हणजे अंगी लागणारे. परंतु आता वजन कमी करण्यासाठी सुचवलेल्या पदार्थांवरही हाच शब्द छापला जातो. जो शब्द अंग भरण्यासाठी होता, त्याला आता अंग उतरवण्याच्या कामी जुंपले आहे. (‘अल्पोपाहारा’त अल्प काय असते, हा असाच एक अनुत्तरित प्रश्न आहे.)

आता ‘पथ्य’ आणि ‘डाएट’. पथ्य हा शब्द ‘पथिन्’ म्हणजे मार्ग यावरून आला; मार्गाला धरून असलेले, म्हणून हितकर. मराठीत त्याचा अर्थ आजारात वर्ज्य करायच्या पदार्थांपुरता आकसला, तरी ‘पथ्यावर पडणे’ या वाक्प्रचारात हितकर हा जुना अर्थ शाबूत आहे. ‘डाएट’चे मूळ ग्रीक ‘दिआइता’ म्हणजे जगण्याची रीत, आपण ज्याला आहारविहार म्हणतो त्याच्या जवळचे. मराठीत आल्यावर मात्र ‘डाएट करणे’ म्हणजे कमी खाणे, आणि तेही काही दिवसांपुरते, एवढाच अर्थ उरला.

या दोन शब्दांचा घरातील वागणुकीवर होणारा परिणाम मी स्वतः पाहिला आहे. माझ्या वडिलांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितले, तेव्हा ‘बाबांचं पथ्य आहे’ या तीन शब्दांवर स्वयंपाकघरात त्यांची भाजी वेगळी काढली जाऊ लागली. कोणी चेष्टा केली नाही आणि कोणी आग्रहही केला नाही. त्याच वर्षी वहिनीने वजन आणि गुडघेदुखी या दोहोंसाठी तळलेले आणि गोड बंद केले, तर ‘तिचं काय बाबा, डाएट चाललंय!’ असे म्हणत तेच लोक तिच्या ताटलीत आग्रहाने गोड वाढू लागले. एका महिन्याने तिने ‘डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय’ असे म्हणायला सुरुवात केली आणि आग्रह त्या दिवसापासून थांबला. पथ्य दुसऱ्याने सांगितलेले असते, म्हणून ते मोडायला लावणे पाप वाटते. डाएट स्वतःच्या इच्छेचे, म्हणून तो नखरा वाटतो. स्वतःच्या शरीराविषयी स्वतः घेतलेल्या निर्णयाला घरात मान मिळवून देणारा शब्द आपल्याकडे नाही, हे मला लठ्ठपणाच्या प्रत्ययापेक्षा अधिक गंभीर वाटते.

जाता जाता ‘आरोग्य’विषयी. हा शब्द ‘अरोग’पासून आलेला, म्हणजे रोग नसण्याची अवस्था. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 साली अमलात आलेल्या घटनेतील व्याख्या नेमके हेच अपुरे ठरवते. केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक असे तिन्ही प्रकारचे सुस्थितीत असणे हवे, असे ती सांगते. त्या अर्थाला ‘स्वास्थ्य’ अधिक जवळचा आहे. स्वस्थ म्हणजे आपल्या ठायी स्थिर असलेला. हिंदीत तो निरोगी झाला आणि मराठीत शांत झाला. त्यामुळेच भरल्या ताटासमोर उष्मांक मोजत बसणाऱ्याला आपण अस्वस्थ म्हणतो, मग त्याचे अहवाल कितीही उत्तम असोत.

प्रतिसाद

फक्त एक तांत्रिक भर. डॉक्टर ‘लठ्ठ’ म्हणतात ते नजरेने ठरवलेले नसते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा 25 किंवा अधिक असेल तर वजन जास्त आणि 30 किंवा अधिक असेल तर लठ्ठपणा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची विभागणी आहे, 1.60 मीटर उंची आणि 70 किलो वजन असेल तर तो आकडा 27.3 येतो. हे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांचे, एकोणिसाव्या शतकातले, आणि त्यांना त्यातून समूहाची सरासरी अभ्यासायची होती. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्याला 1972 साली ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. मेद आणि स्नायू यांतला फरक या आकड्याला कळत नाही. तेव्हा तपासणीच्या खोलीतला ‘लठ्ठ’ आणि दारात उभे राहून म्हटलेला ‘लठ्ठ’ हे एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत, असे मानणे बरे.

प्रस्तावकाचे उत्तर

‘धरणे’ आणि ‘सुटणे’ यांचे विवेचन मी बहिणीला वाचून दाखवले. तिला ते पटले, परंतु तिने अनपेक्षित दिशेने उत्तर दिले. तिच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी मागच्या भेटीत दोनच ओळी लिहिल्या आहेत, ‘वजनवाढ औषधामुळे. अपेक्षित.’ हा ‘अपेक्षित’ शब्द तिला या सबंध चर्चेतल्या सर्व शब्दांपेक्षा अधिक आवडला. त्यात शाबासकी नाही, रागावणे नाही आणि दयाही नाही; जे होणार होते ते झाले आहे, एवढेच तो म्हणतो. औषधाची मात्रा आता टप्प्याटप्प्याने कमी होत आहे.

परवा आत्याचा फोन आला तेव्हा बहिणीने स्वतःहून सांगितले, ‘‘वजन वाढलंय गं आत्या, पण ते अपेक्षितच होतं.’’ आत्या क्षणभर गप्प झाली, मग ‘बरं’ म्हणाली आणि रात्रीचे औषध जेवणाआधी घ्यायचे की नंतर, ते विचारू लागली.