मदत हवी आहे: लपवून बाळगायला छोटं पिस्तूल कोणतं घ्यावं?

मंडळी, टेक्सासमध्ये राहणाऱ्या आणि नेमबाजी करणाऱ्यांनी कृपया सांगावं. २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते, तरी मी वर्ग करून परवाना काढणारच आहे. शिकल्याशिवाय हत्यार कमरेला लावणं मला पटत नाही.

नेमबाजीच्या रेंजवर ग्लॉक १९ पिस्तूल भाड्याने घेऊन चालवलं. १५ गोळ्या, नेम सुरेख बसतो, पण टी-शर्टखाली मूठ उठून दिसते. सिग पी३६५ छान लपतं. मात्र हलकं असल्याने धक्का जोरात बसतो, करंगळीला मुठीवर जागा उरत नाही आणि गोळ्या खाली डावीकडे जातात. मी उजव्या हाताची आहे. हा ट्रिगर ओढण्याचा दोष की पकडीचा? खऱ्या गोळ्यांमध्ये डमी (न उडणाऱ्या) गोळ्या मिसळून सराव केल्याने कुणाला फरक पडलाय का?

ग्लॉक ४३एक्सची मूठ लांब, जाडी कमी; रोज वापरणाऱ्यांचा अनुभव हवाय. दुकानदार पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर सुचवतो, पण त्याचा जड ट्रिगर नवशिक्यासाठी कठीणच.

ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर (पिस्तूल अंगावर बाळगायचं म्यान) कोणतं वापरता? घरात लहान मूल आहे, त्यामुळे पटकन उघडणाऱ्या तिजोरीबद्दलही जरूर लिहा.