करार एकच, मग वॉचमनलाच एवढा त्रास का?

विट्याचा_गलाईवाला: आमचे थोरले दाजी २० वर्षं झाली काठमांडूत सोनं-चांदी गलाईचं काम करतात, आपल्या खानापूर आटपाडीकडची लई पोरं आहेत तिकडं. सणाला येतात जातात, बॉर्डरला कोण विचारत पण नाही म्हणे. आणि इथं सांगलीत आमच्या अपार्टमेंटला नेपाळातल्या अछाम जिल्ह्याचा वॉचमन आहे, त्याला साधं सिम घ्यायचं तर माझ्या नावावर घ्यावं लागलं. १९५० चा भारत-नेपाळ मैत्री करार दोघांना सारखाच ना?

खणभाग: कलम ७ वाचा. राहणं, धंदा, मालमत्ता, फिरणं, सगळ्यात सारखी वागणूक असं लिहिलंय. लिहिलंय फक्त! दाजींना विचारा तिकडं स्वतःच्या नावावर जागा घेता येते का. नाही येत. नेपाळी माणसाला आपल्याकडं घ्यायची तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. वॉचमनचा घोळ वेगळाय, नेपाळी पासपोर्ट असला आणि वर्षात १८२ दिवस इथं राहिला असला की आधार निघतं. पण यायला पासपोर्ट लागतच नाही म्हणून यांनी कधी काढलेला नसतो, मग आधार नाही, मग सिम नाही.

मिरजेची_ताई: सगळे पुरुषांचंच बोलताय. आमच्याकडं कामाला येते तिचा नवरा सुनौलीला, नेपाळच्या बॉर्डरवर, सरळ चालत आला आणि ही मागनं धाकट्या बहिणीला घेऊन आली तर दोघींना बाजूला बसवून कुठं चाललात, कोण बोलावलंय, नवऱ्याला फोन लावा. पोरी विकल्या जातात म्हणून विचारतात, ते बरोबरच आहे. पण ती म्हणते चोरी केल्यासारखं वाटलं.

पलूस_ते_म्युनिक: इकडं पण तेच बघा. माझ्या जर्मनीच्या रेसिडेन्स कार्डावर मी १८० दिवसांत ९० दिवस हॉलंडला फिरू शकतो, काम नाही करू शकत. शेजारच्या टेबलवरचा पोलिश पोरगा राजीनामा देऊन पुढच्या महिन्यात ॲमस्टरडॅमला जॉइन झाला, कुणाला विचारलं पण नाही. पण त्याचा बाप सांगतो, पोलंड २००४ ला युरोपियन युनियनमध्ये आला तरी जर्मनीनं कामाचं दार २०११ पर्यंत लावूनच ठेवलं होतं, तोवर हे लोक इंग्लंडला पळायचे.

विट्याचा_गलाईवाला: दाजींना फोन लावला. जागेचं काढलं तर म्हणाले तो विषय नको, २० वर्षं दुकान भाड्याचंच आहे. वॉचमनकडं नेपाळी नागरिकतेचा दाखला आहे पण पासपोर्ट नाही, त्यावर आधार होतं का?

खणभाग: होतं, पण सोबत दिल्लीच्या नेपाळी वकिलातीचं फोटोवालं ओळखपत्र लागतं. सुट्टी देणार का त्याला दिल्लीला जायला?