घरून काम आणि एसीचा हिशेब

‘घरून काम म्हणजे प्रदूषण आपोआप कमी’ असं अनेकजण म्हणतात, ते अर्धंच खरं. दीड टनाचा एसी आठ तासांत सहज ६ ते ८ युनिट खातो. आपली वीज बहुतांशी कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे दिवसाला ४ ते साडेपाच किलो. उलट स्कूटरवर जाऊन-येऊन मिळून ३० किलोमीटरला जेमतेम दीड किलो! कारने एकटे जाणाऱ्यांचं गणित अर्थात वेगळं.

शिवाय प्रत्येक टीम वेगवेगळ्या दिवशी घरी थांबली तर ऑफिसातला सेंट्रल एसी अर्ध्या रिकाम्या मजल्यावर चालूच राहतो. सगळ्यांचे वार एकच ठेवून मजला पूर्ण बंद करा, आणि घरी पंखा लावून एसी २६-२७ वर.