बाहेरच्या संघाचा खेळाडू: दुखापतीचा दावा कॅलिफोर्नियात का चालावा?

सांगलीकर: अमेरिकेत व्यावसायिक खेळाडूला दुखापतीची भरपाई राज्याच्या कामगार कायद्याखाली मागावी लागते. कॅलिफोर्नियात एका अपघाताचीच नाही, तर वर्षानुवर्षांच्या मारातून साचलेल्या इजेचीही भरपाई मिळते, म्हणून देशभरातले निवृत्त खेळाडू तिथे दावे लावत. 2013 मध्ये एबी 1309 कायद्याने त्यावर बंधन आलं. शेवटच्या वर्षी कॅलिफोर्नियाबाहेरच्या संघात असलेल्या खेळाडूला साचलेल्या इजेसाठी आता दोन अटी आहेत: कॅलिफोर्नियातल्या संघाकडून किमान दोन हंगाम किंवा कारकिर्दीतले किमान वीस टक्के कामाचे दिवस तिथले, शिवाय बाहेरच्या संघांकडून सातपेक्षा कमी हंगाम. मला हे योग्य वाटतं. त्याच वर्षी एड्रिएन जॉन्सन या बास्केटबॉलपटूच्या खटल्यात अपील कोर्टानेही सांगितलं की कॅलिफोर्नियातला एक सामना अधिकारक्षेत्रासाठी पुरेसा नाही.

वकीलकाकू: एका सामन्याचं मान्य. पण सात हंगामांची अट कशासाठी? सहा हंगाम कॅलिफोर्नियात आणि सात बाहेर खेळलेला माणूस यात सरळ बाद होतो! त्याने जायचं कुठे? फ्लोरिडाच्या कायद्यात व्यावसायिक खेळाडू कामगारच धरला जात नाही. आणि पाहुण्या खेळाडूच्या कमाईवर तिथल्या कामाच्या दिवसांप्रमाणे कॅलिफोर्निया आयकर घेतंच ना? कर घेताना तो आपला, गुडघा गेला की परका, हे मला पटत नाही.

सांगलीकर: कर दिवसांच्या प्रमाणात असतो, काकू. साचलेल्या इजेची जबाबदारी मात्र शेवटच्या वर्षाच्या मालकांवर येते. दहा वर्षांची झीज एकाच्या माथी का? शिवाय कोणत्या राज्याचा कायदा लागू, हे बऱ्याचदा करारातच ठरलेलं असतं. अमेरिकन फुटबॉलपटू ब्रूस मॅथ्यूजच्या करारात टेनेसी राज्याचा कायदा होता, आणि त्याने कॅलिफोर्नियात भरपाई मागू नये हा लवादाचा निवाडा 2012 मध्ये फेडरल अपील कोर्टाने कायम ठेवला.

फुटबॉलवेडा: मॅथ्यूज एकोणीस हंगाम खेळला, हॉल ऑफ फेममध्ये आहे. राखीव पथकातल्या पोराला करारातलं एक कलम बदलून मिळेल का? समोर ठेवतील त्यावर तो सही करतो.

वकीलकाकू: नेमकं. आपल्या 1923 च्या भरपाई कायद्यात अपघात झाला तिथे, कामगार राहतो तिथे किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथे दावा लावायची सोय होती. ती कामगाराच्या सोयीसाठी होती. सांगलीकर, प्रमाणाचाच प्रश्न असेल तर भरपाईही कामाच्या दिवसांप्रमाणे संघांत वाटा. दावाच बंद का करता?

सांगलीकर: वाटणीला माझी हरकत नाही. पण ती सगळ्या राज्यांनी मान्य करायला हवी, एकट्या कॅलिफोर्नियाने नाही.