देवाने माफ केलं, पण मावशींच्या भिशीचं काय?

सीनाकाठ (धागाकर्ता)

न्यायाच्या दिवसाची भीती आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चमधून) जवळजवळ गेली आहे आणि ती गेल्याचं सगळ्यांना बरंच वाटतंय. मला नाही वाटत. देवाने क्षमा केली की ज्याचं नुकसान केलं त्याचाही हिशेब आपोआप मिटला, असा एक सोयीचा समज आपल्यात रुजलाय. माझं म्हणणं एवढंच, की तो मिटत नाही. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने होतं हे मान्य. पण बायबलमध्ये प्रेषित पौलाने २ करिंथ ५:१० मध्ये ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर 'आपल्या सर्वांना' उभं राहायचं आहे असं लिहिलंय, आणि ते पत्र विश्वासणाऱ्यांच्या मंडळीला आहे, बाहेरच्यांना नाही.

उदाहरण देतो. आमच्याकडे उपास-प्रार्थनेच्या सभेत एका भावाने साक्ष दिली. दारू, जुगार, मग प्रभू भेटला वगैरे. मनापासून बोलला, रडला. बोलता बोलता म्हणाला, "भिशीच्या पैशांतही मी गडबड केली होती, पण प्रभूने माझी सगळी पापं समुद्राच्या तळाशी टाकली." ज्यांचे पैसे बुडाले त्या मावशी मागच्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. सगळे 'हालेलुया' म्हणाले तेव्हा त्याही म्हणाल्या. नंतर चहाच्या वेळी हा भाऊ कप घेऊन त्यांच्या शेजारून गेला, "प्रेज द लॉर्ड, मावशी" म्हणाला आणि बिस्किटांच्या ताटाकडे वळला. पैशांचं अवाक्षर नाही.

येशू मत्तय ५:२३-२४ मध्ये काय सांगतो? वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे उपासना थांबवली तरी चालेल, पण तो माणूस थांबता कामा नये. आणि येशूला भेटलेला तो जकातदार, जक्कय? तो नुसता रडला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट.

केवळकृपा

जय ख्रिस्त. कळकळ समजते, पण ही वाट कुठे जाते ते बघा. आज म्हणाल आधी भिशी फेडा, उद्या म्हणाल आधी भावकीची माफी मागा, परवा आणखी काही. यादी संपणार कुठे? रोम ८:१ म्हणतं, ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही. 'ज्यांची फेड पूर्ण झाली त्यांना' असं तिथे नाही. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराने कोणाचं काय परत केलं? एक पैसुद्धा नाही. त्याच दिवशी सुखलोकात गेला.

जक्कयाची गोष्ट तर तुम्ही शेवटाकडून वाचताय. उंबराच्या झाडावर चढून बसलेल्या त्या जकातदाराला येशूने आधी हाक मारली, आज तुझ्याच घरी उतरायचंय म्हणाला. लोक कुरकुरले ते त्याचसाठी. परतफेडीचं बोलणं मागाहून निघालं. आणि २ करिंथ ५:१० हा कर्मांच्या मोबदल्याचा न्याय आहे, तारणाचा नाही. ज्याचं काम जळून जाईल त्याचं नुकसान होईल, पण तो स्वतः तारला जाईल, हेही पौलानेच लिहिलंय (१ करिंथ ३:१५).

सीनाकाठ

हाक आधी, परतफेड नंतर, हा क्रम मला पूर्ण मान्य आहे. पण नंतर ती झाली की नाही? 'आज या घराला तारण मिळालं' हे येशू कधी म्हणतो? चौपटीचं ऐकल्यावर. राहिला तो चोर. त्याचे हात खिळलेले होते. आमच्या भावाचे मोकळे आहेत, त्यात कप होता.

बावखल

वसईतून लिहितोय. तुमच्या प्रॉटेस्टंट मंडळींचं हे भांडण बघून मौज वाटली. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन महासंघाने नेमक्या याच विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईने नाही, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि सत्कर्मं त्यातून उमलतात, असं दोघांनीही कबूल केलं. तुम्ही अजून लूथरने रोमविरुद्ध आवाज उठवला त्या १५१७ मध्येच!

आमच्याकडे पापनिवेदनात फादर पापमुक्ती देतात, पण चोरीचा माल परत करण्याची जबाबदारी त्याने संपत नाही. आमच्या धर्मशिकवणीत हे स्पष्ट आहे: चोरलेलं परत करायचं, बदनामी केली असेल तर ती भरून काढायची. माझ्या लहानपणी उपवासकाळात आमचे म्हातारे फादर मुलांना विचारायचे, "पेरू कोणाच्या वाडीतले होते? त्यांना सांगितलंस का?" तिथे घाम फुटायचा. देवाला सांगणं त्यामानाने सोपं.

केवळकृपा

@बावखल, आणि तीन वेळा 'नमो मरिये' म्हटलं की सुटका, तेही सांगा ना. दंडमाफीपत्रं (पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं) विकून रोमची इमारत बांधली ती कोणी?

बावखल

विकली, आणि ते वाईटच होतं. सोळाव्या शतकातल्या आमच्या ट्रेंटच्या धर्मसभेनंतर हा धंदा बंद झाला, त्यालाही आता साडेचारशे वर्षं झाली. भिशीवर या.

निरीश्वर

मी तुमच्यातला नाही, पण बायबल वाचलंय. मूळ गोच स्तोत्र ५१ मध्ये आहे. दावीद राजाने बथशेबाला राजवाड्यात आणवलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे उभं करून मारवलं. नाथान संदेष्ट्याने एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून त्याला कोंडीत पकडल्यावर पश्चात्ताप झाला. आणि परंपरेने त्या प्रसंगाशी जोडलेल्या या स्तोत्रात तो देवाला म्हणतो काय, तर तुझ्याविरुद्ध, फक्त तुझ्याविरुद्ध मी पाप केलं! उरीया मेला तो कुठे गेला? बथशेबाला तर कोणी विचारलंच नाही. धागाकर्त्यांचा तो भाऊ काही चुकीचं शिकलेला नाही. राजाकडूनच शिकलाय. ज्याचं नुकसान झालं त्याला वगळून वरच्या वर तडजोड करता येते, ही सोय तुमच्या धर्मातच आहे. मला कोणी फसवलं आणि तिसऱ्याच कोणी त्याला माफ केलं, तर मी त्याला न्याय म्हणणार नाही.

सीनाकाठ

@निरीश्वर, हा या धाग्यातला सगळ्यात बोचरा प्रतिसाद, आणि याला टाळून पुढे जाता येत नाही. पण गोष्ट अर्धी सांगितलीत. मेंढीची गोष्ट ऐकून दावीद स्वतःच संतापून म्हणतो, त्या श्रीमंताने चौपट भरून द्यावं. म्हणजे नियम त्याला पाठ होता, फक्त आरशात दिसत नव्हता. नाथान त्याला सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस, आणि त्याच दमात हेही, की तुझ्या घरातून तलवार हटणार नाही. पुढे त्याच्याच मुलाचं, अबशालोमाचं बंड वाचा. क्षमा झालेल्या माणसालाही केल्याचं भोगावं लागलं. उरीयाला मात्र काहीच मिळालं नाही, हे तुमचं खरं. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना बथशेबाचं नाव न घेता 'उरीयाची बायको' असं लिहिलंय. हजार वर्षांनीही ते नाव पुसू दिलं नाही, एवढंच मी दाखवू शकतो.

नवगावकर

आम्हां बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, यावर जुनं उत्तर आहे. मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात योमा भागात लिहिलंय की माणूस आणि देव यांच्यातल्या पापांना योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, प्रायश्चित्त देतो, पण माणसामाणसांतल्या पापांना नाही, जोपर्यंत त्या माणसाला तुम्ही राजी करत नाही. म्हणून आदल्या दिवसांत माफी मागत फिरायचं. अलिबागकडे आमची आजी जावेशी वर्षभर अबोला धरायची आणि या दिवसांत तोंड वाकडं करून का होईना, जायची.

रात्रपाळी

मी नर्स आहे, मिरजेकडची. सीनाकाठ, तुमचा धागा ज्यांच्यासाठी आहे ते तो वाचणार नाहीत. वाचतील ते दुसरेच. शेवटच्या दिवसांतली माणसं मी बघते. भिशी बुडवणारे शांत झोपतात. आणि आयुष्यभर लोकांचं केलेली एक आजी रात्री मला उठवून विचारते, "सिस्टर, मी सुनेला एकदा वाईट बोलले होते, ते लिहिलेलं असेल का गं तिकडे?" सून बाहेर बाकावर झोपलेली, तिला आठवतही नाही. अशा माणसाला तुमचं न्यायासन दाखवायचं का? मार्टिन लूथर मठात असताना तासन्‌तास पापं कबूल करत बसायचा, खोलीत परत गेला की आणखी आठवायची. त्याचे गुरू श्टाऊपिट्झ वैतागून गेले. अशांना रोम ८:१ च लागतं, तेही रोज, गोळीसारखं वेळेवर. मी त्या आजीला बायबल वाचून दाखवलं नाही. सुनेला आत बोलावलं.

केवळकृपा

रात्रपाळी, आभार. हेच म्हणत होतो.

बावखल

पण त्यांनी सुनेला बोलावलं हो! तुम्ही तेवढंच वाचायचं सोडलंत.

केवळकृपा

बोलावलं ते आजीला शांती मिळावी म्हणून, तारण मिळावं म्हणून नाही. तेवढा फरक मी शेवटपर्यंत सोडणार नाही. पैसे परत द्यावेत का? द्यावेतच. कर्मांवाचून विश्वास निर्जीव म्हणणारं याकोबाचं पत्र माझ्याही बायबलमध्ये आहे. पण 'नाही दिलेस तर न्यायासन आहे' असा धाक घालून दिलेले पैसे हप्तेवसुलीचे, पश्चात्तापाचे नाहीत. आणि सीनाकाठ, एक विचारतो. इतकं लिहिलंत, त्या मावशींना काय हवंय हे कोणी विचारलं का?

सीनाकाठ

विचारलं. म्हणाल्या, "पैसे थोडे थोडे दिले तरी चालतील. पण त्याने त्या माईकवर माझं नाव घ्यायला हवं होतं." धाकाने दिलेले पैसे पश्चात्तापाचे नसतात हे बरोबर, पण मावशींच्या नातीची फी त्यातूनही भरली जाते.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या वडिलांनी शेजारच्यांचा बांध कोरून जमीन आत घेतली होती, गावात सगळ्यांना माहीत आहे. आता वडील नाहीत, ते शेजारीही नाहीत. त्यांची मुलं कुठे गेली कळत नाही. पाळकसाहेब म्हणाले, तेवढ्या जमिनीची किंमत मंडळीला दान द्या, विषय संपवा. द्यावी का?

बावखल

लगेच नको. बायबलच्या गणना पुस्तकात, ५ व्या अध्यायात क्रम दिलाय: आधी ज्याचं घेतलं त्याला पूर्ण द्यायचं, वर पाचवा हिस्सा घालून. तो नसेल तर त्याच्या नातलगाला. नातलगच नसेल तर मग परमेश्वराचं म्हणून याजकाला. तुमच्या पाळकसाहेबांनी थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली. जुन्या सातबाऱ्यावर त्या शेजाऱ्यांचं नाव असेल, फेरफार नोंदीत वारस लागले असतील तर मुलांची नावं तलाठ्याकडे मिळतील. आधी ते काढा.