लहान मुलं आणि आईचे छंद: कुठे थांबता, सामान कुठे ठेवता? (अनुभव धागा)

घरात पाच वर्षांखालचं मूल असलं की छंदाला वेळ कमी मिळतो, हे खरंच. पण त्याहून मोठी अडचण अशी की मिळालेला वेळ कधी संपेल ते आपल्या हातात नसतं. त्यामुळे हाक आली की आहे तिथे खाली ठेवता येणारा आणि खाली ठेवल्यावर मुलाच्या हाती लागला तरी इजा न करणारा छंदच टिकतो.

इथे नेमकं तेवढंच लिहू या. काम कुठे थांबवता, काय बिघडतं, का बिघडतं. मापं लिहा, मुलाचं वय लिहा. छंदाने मन प्रसन्न राहतं वगैरे सगळ्यांना पटलेलं आहे, त्यावर जागा नको. बाबा आणि आज्यांनीही लिहावं.

सुईदोरा (क्रोशा, मूल दीड वर्षाचं)

विणायचंच असेल तर गोलात विणायची छोटी खेळणी घ्या. मोठी शाल मांडीवर पसरली की मूल तिच्यावर येऊन बसतं, संपला विषय. खेळण्याचा गोल सहा टाक्यांनी सुरू होतो आणि वाढीच्या प्रत्येक फेरीत सहा टाके वाढतात: 6, 12, 18, 24, 30, 36. मधेच उठावं लागलं आणि कितवी फेरी ते विसरलं, तर शेवटच्या पूर्ण फेरीतले टाके मोजून सहाने भागायचं. तीस टाके म्हणजे पाचवी फेरी. वाढ थांबून सरळ विणकाम सुरू झालं की हा हिशेब चालत नाही, तिथून पुढे दर पाच फेऱ्यांना वेगळ्या रंगाचा दोरा टाक्यात अडकवून ठेवायचा.

उठताना सुई विणकामात ठेवू नका. मूल आधी सुई ओढतं आणि मग सगळं उसवत जातं. सुई काढून चालू टाका सेफ्टीपिनमध्ये अडकवायचा, पिन बंद करायची, सुई कपाटात. लोकरीचा गुंडा झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात. मोकळा दोरा मुलाच्या हाती राहता कामा नये, तो गळ्याभोवती फिरतो.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी प्लास्टिकचे डोळे नकोत, मागून चकती लावायचे असले तरी. विणकाम ताणलं जातं, टाक्याचं भोक मोठं होतं आणि डोळा चकतीसकट बाहेर येतो. डोळे काळ्या दोऱ्याने भरा. आत पॉलिस्टरचा कापूस भरा. चिंध्या किंवा साधा कापूस भरला तर धुतल्यावर पावसाळ्यात आतून वाळत नाही, बुरशीचा वास येतो. भरलेला कापूस टाक्यांतून दिसत असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्या.

निळीवही

सुईदोरा, पायमोज्यांचंही लिहा ना. आजी-आत्या सगळ्या तेच विणतात.

सुईदोरा

मोजे उलटे करून आतली टोकं बघायची, इतकंच. आत सुटं राहिलेलं टोक बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळलं जातं आणि बोट सुजेपर्यंत कळत नाही. प्रत्येक टोक दोन-तीन वेळा दिशा बदलून विणीत ओवायचं, मगच कापायचं. बाळ कारण न कळता रडत असेल तर मोजे काढून बोटं एकेक बघावीत.

गोधडीचा_काठ (हाताने गोधडी, मुलं दोन आणि पाच वर्षांची)

गोधडी हे लेकुरवाळीचंच काम. त्यात थांबायची जागा आपोआप येते, ती म्हणजे दोरा संपतो तिथे. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे 45 सेंटीमीटरच्या आसपास घ्यायचा. लांब घेतला तर गुंतागुंत होते आणि कापडातून शंभरदा ओढून तो विरतो. एवढ्या दोऱ्यात वीत-दीड वीत ओळ होते, पाच-सात मिनिटांत. मुलं झोपल्यावर पाच सुया ओवून उशीला लावायच्या, दिवसभरात पाच बैठका तयार. संध्याकाळी पाच सुया परत उशीवर मोजायच्या. चार भरल्या तर पाचवी सापडेपर्यंत गोधडी कुणाच्याही अंगाखाली जात नाही. सुई गोधडीत खुपसून उठायचं नाही, दार वाजलं तरी.

माप: सहावारी सुती साडी साडेपाच मीटर धरा. पदर आणि काठ काढून उरलेल्या कापडाचे चार तुकडे केले की प्रत्येक साधारण सव्वा मीटर लांब आणि मीटरभर रुंद. चार थरांची लहान गोधडी एका साडीत होते. साडी जुनी असेल तर दोन्ही अंगठ्यांत धरून आधी उभी, मग आडवी ताणून बघा. चर्र असा आवाज आला तर ती आतल्या थराला, वरून घट्ट विणीची. वरचं कापड नवं असेल तर आधी धुवून घ्या. न धुता लावलं तर पहिल्या धुण्यात ते एकटंच आटतं आणि सगळीकडे चुण्या पडतात. लाल आणि गर्द निळ्या कापडावर पांढरा ओला फडका जोरात घासून बघा, रंग लागला तर बाळाच्या गोधडीत नको.

थर जमिनीवर पसरून वीतभर अंतराने कच्चा दोरा (तात्पुरते मोठे टाके) घाला, मधून कडेकडे. हवा आणि चुण्या कडेला सरकतात. हे काम मात्र तुकड्या-तुकड्याने होत नाही, त्याला सलग पाऊण तास आणि रिकामी जमीन लागते, म्हणून रात्री किंवा मुलं बाबाबरोबर बाहेर असताना. कच्चा दोरा ढिला राहिला तर पुढे कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत आलं की मधोमध फुगा येतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. ओळींत बोटभर अंतर, टाका चार-पाच मिलिमीटरचा. लहान मुलाच्या गोधडीला टिकल्या, आरसे, घुंगरू, लटकते गोंडे काही लावू नका.

अजून एक, हौसेने शिवणाऱ्यांना आवडत नाही पण लिहितेच: वर्षाखालच्या बाळाला झोपेत गोधडी पांघरू नये, तोंडावर येते. जागेपणी खाली अंथरायला ती उत्तम.

पाऊणवाटी (पाव, मूल तीन वर्षांचं)

वाट बघायचं काम फ्रिजवर सोपवलं की पाव जमतो. 500 ग्रॅम मैदा, 320 ग्रॅम थंड पाणी, 9 ग्रॅम मीठ, 2 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. तीन मिनिटं कालवायचं, मळायचं नाही. अर्ध्या तासाने ओल्या हाताने चारी बाजूंनी ओढून घडी घालायची. झालं, तीन लिटरच्या डब्यात सैल झाकण लावून फ्रिजमध्ये. बारा तासांनी काढा नाहीतर दीड दिवसाने, दोन्ही चालतं. घडीला उशीर झाला तरी बिघडत नाही. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं पीठ मात्र तासाभरात दुप्पट होतं आणि नेमकं तेव्हाच मूल शी करतं.

काढल्यावर 12 गोळे, प्रत्येकी 69 ग्रॅमच्या आसपास, तेल लावलेल्या ट्रेमध्ये जवळजवळ. तास-सव्वा तासात फुगले की ओव्हनमध्ये 200 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. इथे मधेच जावं लागलं तर ट्रे झाकून पुन्हा फ्रिजमध्ये, दोन-तीन तास निभावतं. पीठ आंबूस आणि चिकट निघालं तर फ्रिज पुरेसा थंड नाही. डबा दारात न ठेवता आत मागे ठेवा, पुढच्या खेपेला यीस्ट 1 ग्रॅम करा.

मुलाला एक गोळा वेगळा द्या, पण कच्चं पीठ तोंडात जाऊ देऊ नका. मैदा भाजलेला नसतो, त्यात जंतू असू शकतात. आणि त्याचा गोळा परत आपल्या ट्रेमध्ये घालायचा नाही, तो वेगळ्या वाटीत भाजा. ओळखू येईल असा तोच असतो.

खर्ज (गाणं आणि पेटी, मुलं एक आणि चार वर्षांची)

पहाटेच्या खर्जाचा (खालच्या सुरांच्या रियाजाचा) नाद सोडा, पेटीआधी मूल उठतं. दहा मिनिटांचा मोजका रियाज बसवा. "सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसां" आणि तसाच उलटा, हा पलटा 36 मात्रांचा होतो. दादरा या सहा मात्रांच्या तालाची बरोबर सहा आवर्तनं. मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत 36 सेकंद. पाच वेळा सरगम, पाच वेळा आकार (नुसत्या "आ"वर) म्हणजे सहा मिनिटं, उरलेल्या चार मिनिटांत नुसता षड्ज (सा) लावायचा. मधेच तुटलं तरी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, परत येता येतं. आलापाचं तसं नसतं. तुटलेला आलाप जोडायला गेलं की चिडचिड फक्त वाढते, तो आठवड्यातून एकदा घरात दुसरं कुणी असेल तेव्हा ठेवा.

फोनच्या स्पीकरवर तानपुऱ्याची खर्जाची तार जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून सूर चढत जातो. छोटा स्पीकर जोडा, आवाज बोलण्याइतकाच ठेवा. रात्री जागरण झालं असेल तर काळी पाचऐवजी काळी चार ही खालची पट्टी लावा.

पेटीच्या पट्ट्यांखाली बिस्किटाचा चुरा गेला की पट्टी दबून राहते आणि तो सूर भाता हलवल्याबरोबर वाजत राहतो. मुलाचे हात पुसून मगच पेटी उघडा, नंतर झाकण लावून कडी. घरात तबला असेल तर आधी हातोडी लपवा, मग पाणी आणि दुधाची बाटली लांब न्या. शाईला (तबल्यावरच्या काळ्या गोलाला) ओल लागली की तिचे कपचे सुटतात, मुलं नखांनी ते आणखी उचकटतात, आणि पुडी (वरचं कातडं) बदलण्याशिवाय इलाज राहत नाही.

निळीवही (जलरंग)

माझं थोडकंच. पोस्टकार्डाएवढा 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद, बारा वड्यांची पेटी, सहा नंबरचा एक गोल ब्रश. पोटात पाणी भरायचा ब्रश मिळतो, तो घेतला तर पाण्याचा पेला सांडायचा प्रश्नच संपतो. रंग घेताना नावात कॅडमियम किंवा कोबाल्ट असेल तर मागे "ह्यू" लिहिलेला पर्याय निवडा, मुलं ब्रश तोंडात घालतात. तैलरंग आणि टर्पेंटाइन मूल मोठं होईपर्यंत बंदच. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पेटी ओली बंद केली तर वड्यांवर बुरशी येते, रात्रभर उघडी ठेवा, उंचावर.

कुंडीतली_मेथी (गॅलरीतली बाग, जुळी, अडीच वर्षांची)

कुंड्या कठड्याला लागून ठेवू नका. मूल कुंडीवर चढतं आणि कठडा कमरेला येतो. एवढं एकच लक्षात ठेवलं तरी चालेल, बाकीचं नंतर.

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोत्रा, एरंड, गुंज, अडेनियम ही काढून टाका. सगळी विषारी आहेत, आणि बिट्टीची फळं नि गुंजा तर मुलांना खेळायलाच हव्या असतात. ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबाखिया दिवाणखान्यात बरेच जण ठेवतात. त्याचं पान चावलं की तोंड आणि जीभ सुजते. कडुनिंबाचं तेल फवारायला 5 मिली एका लिटरला, त्यात दोन थेंब पातळ साबण, संध्याकाळी. बाटली मात्र औषधांच्या कपाटात कुलपात. "झाडाचंच तर आहे" म्हणून हे तेल बाळाला पाजायचं नाही, लहान मुलांना त्याची गंभीर विषबाधा होते. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा, नुसतं पाणी ओतलं तर डासाची अंडी कडेला चिकटून राहतात.

मुलांना एक रिकामी मातीची कुंडी आणि लाकडी चमचा द्या, उकरायला. नाही दिली तर तुमची मेथी उकरली जाते.

सुईदोरा

एक राहिलं, सगळ्यांसाठी. विणकामाचे फेरीमोजणी यंत्र, दिव्याची क्रोशा सुई, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, पेटीजवळचा सूर जुळवायचा ट्यूनर, या सगळ्यांत बऱ्याचदा बटण सेल (बटणासारखी चपटी बॅटरी) असतो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर ती वस्तू घरात नको. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी न काढता थेट रुग्णालय. सुया धरायला छोटे ताकदवान लोहचुंबकही नकोत. दोन गिळले तर आतड्याच्या पडद्यांतून एकमेकांना चिकटतात. जुन्या स्पीकरचं तळहाताएवढं चुंबक वापरा.

पाऊणवाटी

खर्ज, तुमची दोन्ही मुलं जागी असताना काय करता? एक वर्षाचं आणि चार वर्षांचं. मला तरी पीठ सोडून काही सुचलेलं नाही.

खर्ज

सुई, ब्रश, कात्री काहीच काढायचं नाही. रांगोळी काढा. बाजारची रांगोळी दगडाची भुकटी असते, तिची धूळ श्वासात जाते, म्हणून तांदळाची पिठी. दोन चमचे पिठी पाव वाटी पाण्यात कालवून बोटाने ठिपके द्यायचे, धाकट्यासमोर हीच वाटी, फक्त कच्ची पिठी तोंडात जाऊ देऊ नका. आधी दिसत नाही, वाळल्यावर पांढरी उमटते, तोवर थोरल्याला ठिपके जोडायला लावा. सात ते सात ठिपक्यांच्या पुढे जाऊ नका. फरशी गुळगुळीत असेल तर पिठी निसरडी होते, चालायच्या वाटेवर काढू नका. आणि तासाभरात पुसून घ्या, मुंग्या येतात.