कन्नड वाचायला शिकायचंय, पण रोज बसणं टिकत नाही

अनगोळची सून
नमस्कार. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, लग्न होऊन बेळगावातल्या अनगोळला आले. कन्नड बोलणं बाजारापुरतं जमतंय, वाचायचं म्हटलं की शून्य. बसची पाटी शेजारच्या बाईला विचारायची, हेस्कॉमचं लाइटबिल दिरांकडून वाचून घ्यायचं. पाडव्याला नवी वही आणली, रोज रात्री एक तास बसायचं ठरवलं. चार दिवस जोरात, मग पाहुणे, मग पोराचा ताप, वही कपाटात. गणपतीनंतर परत तेच. क्लासला जायला सवड नाही. रोजचं थोडं थोडं टिकवायचं कसं? कुणी केलंय का?

वडगावकर
ताई, 21 दिवस न चुकता करा, सवय लागलीच म्हणून समजा. मध्ये एक दिवस चुकला तर परत पहिल्यापासून मोजायचं. बाकी सीमाभागात राहून आपणच हौसेनं कन्नड शिकायचं म्हणजे कमालच आहे!

झेरॉक्सवाला, खानापूर
वडगावकर, पहाणीचा, म्हणजे जमिनीचा, उतारा कन्नडमध्ये येतोय. तो मला वाचता आला म्हणून माझी मराठी काय कमी झाली नाही. उलट खाली सही करण्याआधी काय लिहिलंय ते कळतंय. असो, भांडण दुसरीकडे करू.

सूनबाई, पहिलं म्हणजे तो तास सोडा. रात्री एक तास रिकामा असलेलं घर मी तरी बघितलं नाही. माझं शाळेतलं कन्नड परीक्षेपुरतं होतं, दुकान टाकल्यावर परत मुळापासून सुरू केलं. सकाळी मशीन चालू केलं की गरम व्हायला जरा वेळ घेतंय. तेवढ्यात रद्दीतला एक खराब निघालेला कागद उचलायचा आणि वरचा मथळा वाचायचा, बस. मशीन तयार झालं की कागद खाली, शब्द अर्धा राहिला तरी. 'आज वाचायचंय' हे मला लक्षात ठेवावं लागत नाही, बटण दाबलं की हात आपसूक रद्दीकडे जातोय. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी एक शब्द होतोच.

तुमच्याकडं मशीन नाही, पण बसस्टॉप आहे. बस लांबून दिसली की कुणाला विचारायच्या आधी पाटीवरचं पहिलं अक्षर ओळखायचं. त्या दिवसाचा अभ्यास तेवढाच. जास्त करू वाटलं तर करा, पण ठरवायचं एकच अक्षर.

आणि अआइईपासून सुरू करू नका, तिथंच माणूस कंटाळतोय. माहितीतली गावं घ्या. 'बेळगावी'त ब, ळ, ग, व मिळाले. 'खानापूर'मध्ये ख, न, प, र. 'धारवाड'नं ध आणि ड दिले, 'नंदगड'नं द. चार पाट्यांत अकरा अक्षरं! गाव आधीच माहीत असल्यामुळं चुकलं तर लगेच कळतंय. वर्णमालेचा क्रम आपल्यासारखाच आहे, फक्त ए आणि ओ त्यांच्यात ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. शिरोरेषा नाही. अनुस्वार डोक्यावर नसतो, अक्षराच्या पुढं शून्यासारखा गोल काढतात. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतंय. प आणि व, तसंच द आणि ध, इथं सगळ्यांचाच घोळ होतोय, घाबरू नका.

निपाणीची शिक्षिका
21 दिवसांचं थोडं सांगते. 1960 साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जननं लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. पुढं लोकांनी 'किमान' गाळलं आणि आकडा सगळ्याच सवयींना चिकटवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर अभ्यास झाला, तो 2010 मध्ये छापून आला. प्रत्येकानं एक साधी गोष्ट निवडायची आणि ती रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची, उदाहरणार्थ नाश्ता झाला की काहीतरी. ती आपोआप व्हायला लागायला साधारण 66 दिवस लागले. पण कुणाला 18, तर कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं विशेष फरक पडला नाही. तेव्हा वडगावकर, परत पहिल्यापासून मोजायला लावू नका हो. माणसं बहुतेक तिथंच सोडतात.

वडगावकर
बरं बाई, 21 मागे घेतले. उतारा मात्र मी पोराकडूनच वाचून घेणार.

अनगोळची सून
सगळ्यांचे आभार. झेरॉक्सवाले दादा, रविवारी आणि सुट्टीत मी बसनं जात नाही, तेव्हा काय करू? आणि पाटीवर कधी कधी आकडेही कन्नडमध्ये असतात, ते कधी घ्यायचे?

झेरॉक्सवाला, खानापूर
घरात कन्नड छापलेलं काहीतरी रोज हातात येत असणारच, दुधाची पिशवी म्हणा. दूध पातेल्यात ओतलं की टाकायच्या आधी पिशवीवरचं एक अक्षर. नाहीच जमलं तर सोडून द्या, सोमवारी बस आहेच की. वही मात्र अजून महिनाभर काढू नका, लिहिणं हे वेगळं काम आहे. दोन्ही एकदम धरलं की दोन्ही सुटतंय.

आकडे अक्षरांनंतर. शून्य आणि दोन बघताक्षणी ओळखाल. सहा आणि नऊ फार सारखे दिसतात, ते नीट होईपर्यंत बसमध्ये चढताना कंडक्टरला खुशाल विचारा.